योरुनच्या फोनमधला नाहीसा झालेला कॅमेरा

सोमवारी सकाळी ओद्वार दुकान उघडायला आला, तेव्हा पायरीवर गुरो बसलेली होती. डोक्यावर टोपी नव्हती. केसांत बर्फाचे कण अडकले होते आणि दोन्ही मुठींत तिने एक फोन घट्ट धरला होता.

“उघडा,” ती म्हणाली.

“उघडतोय ना. आधी आत तर ये, गारठली आहेस.”

“दुकान नाही. कॅमेरा. आईच्या फोनचा कॅमेरा उघडा.”

ओद्वार एकसष्ट वर्षांचा. तरुणपणी बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करायचा, पुढे फोनकडे वळला. बंदरामागच्या गल्लीत, जाळ्यांच्या गोदामाला लागून त्याचं दुकान. बेटावरच्या निम्म्या फोनच्या काचा त्यानेच बदललेल्या. गुरोच्या आईला, योरुनला, फोन वापरायला त्यानेच शिकवलं होतं. योरुन सत्तरीची. सहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी पूर्ण गेली आणि तेव्हापासून हा फोनच तिचे डोळे होता. कॅमेरा समोर धरला की फोन छापील अक्षरं वाचून दाखवी. हस्ताक्षर असलं तर एक बटण दाबायचं. मग कुठल्यातरी गावातला कुणी स्वयंसेवक तिच्या कॅमेऱ्यातून बघून तिला वाचून दाखवायचा.

“काय झालं?” ओद्वारने विचारलं.

“काल दुपारी स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. नाडी बत्तीस. हृदयाच्या गोळ्या जास्त झाल्या, डॉक्टर म्हणतात. अजून शुद्ध नाही.” गुरोचा आवाज फाटला. “पोलिसबाईंनी मला दोन प्रश्न विचारले. तुमची आई जगायला कंटाळली होती का? आणि गोळ्या कुणी आणल्या?”

“कुणी आणल्या?”

“मी. शुक्रवारी संध्याकाळी सहाला. हृदयाची दिवसातून एकदा, पोटाची तीनदा. औषधाच्या दुकानात या वेळी वेगळ्या कंपनीचे डबे दिले. दोन्ही हुबेहूब एका मापाचे. मी म्हटलं, आई, वाचून घे आणि हृदयाच्या डब्याला नेहमीसारखं रबर लाव. ती म्हणाली, मला शिकवू नकोस. मग आमचं वाजलं.”

“कशावरून?”

“वृद्धाश्रम. दुसरं काय असतं आमच्यात?” तिने फोन काउंटरवर ठेवला. “कॅमेरा चालू असता, तर तिने डबे वाचलेच असते. चुकली नसती. म्हणजे एकतर कॅमेरा बंद होता, नाहीतर तिने जाणूनबुजून... माझ्या बोलण्यामुळे... ओद्वार, तो बंद होता एवढं मला सांगा. काल रात्रीपासून मी दाबतेय. उघडत नाही. पण कधीपासून उघडत नाही? ती पडायच्या आधीपासून, की ती पडली तेव्हा फोन आपटला म्हणून?”

ओद्वारने खिशातून स्वतःचा फोन काढला. शनिवारी दुपारी दोन वाजता योरुनचा फोन आला होता. तो तेव्हा माशाचे वडे तळत होता. नाव बघितलं होतं आणि म्हणाला होता, सोमवारी करू. तिने ठेवलेला निरोप त्याने ऐकलाही नव्हता.

आता त्याने तो दोघांना ऐकू येईल असा लावला.

“ओद्वार, मी योरुन. अरे, माझा कॅमेरा गेला. बिघडला असं नाही, फोन म्हणतो, असं काही इथे नाहीच. नाही म्हणजे? काल दुपारपर्यंत होता की! गोळ्यांचे नवे डबे पडलेत, आणि पेदेरचं पत्र आलंय. एकदा वाचून घेतलं, पण मन भरलं नाही. चार कागद आहेत, बोटांनी मोजले. पेन दाबून दाबून लिहिलंय त्याने. मग दोन मिनिटांत कसं संपलं? मला दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात ऐकायचंय. आज-उद्या परिचारिका येत नाही, हाल्वोर बोट घेऊन गेलाय. गुरोला सांगू नकोस हं. ती मला सामानासकट उचलून नेईल. वेळ मिळाला की फोन कर.”

गुरोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“बंद होता,” ओद्वार म्हणाला. “ती पडायच्या आधीपासून.” शनिवारी दोन वाजता उचलला असता तर अडीचला तो तिच्या दारात असता.

त्याने फोन हातात घेतला. पडद्याला बोट लागताच तो गारांसारखा तडतड बोलू लागला. योरुन त्याला एवढ्या वेगाने बोलायला लावायची की दुसऱ्याला शब्द कळत नसे.

ओद्वारने पहिल्यापासून सुरुवात केली. काचेवर घाण? नाही. कडेला ठोकर, तडा? नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. फरक नाही. जागा भरली असेल? अर्धी रिकामी. दुसऱ्या कुठल्या ॲपने कॅमेरा अडवलाय? नाही. परवानगी काढून घेतली गेलीय? तो मान हलवत पुढे पुढे जात राहिला.

मग थांबला.

“गुरो, बिघडलेला कॅमेरा उघडला तर काय दिसतं?”

“काळं?”

“काळं. किंवा उघडतो आणि मिटतो. पण त्याचं चिन्ह जागेवर असतं. इथे चिन्हच नाही. तुझी आई बरोबर सांगत होती. फोनच्या मते त्याला कॅमेरा नाहीच.”

“पुसला गेला असेल चुकून.”

“हा पुसता येत नाही. लपवता मात्र येतो.” त्याने सेटिंग्जच्या पोटात शिरून एक पान उघडलं. “पोरांनी फोनवर काय करावं, काय करू नये, यासाठी आईबापांना एक कुलूप दिलेलं असतं. कुणीतरी हे कुलूप लावलंय, आत कॅमेरा बंद केलाय आणि वर चार आकडी नंबर घातलाय. तो तुला माहीत आहे?”

“मला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.”

“चुकून बोट लागून हे होत नाही. नंबर दोनदा टाकावा लागतो.”

गुरो हळूच स्टुलावर बसली. “म्हणजे माझ्या आईचे डोळे कुणीतरी मुद्दाम बंद केले.”

“हो. आणि करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती.” ओद्वारने पडदा तिच्याकडे वळवला. “हे कुलूप सुरू केलं, की त्याच क्षणी फोन नोंद ठेवू लागतो. कुठल्या तासाला काय उघडलं, किती मिनिटं. पहिली नोंद बघ. शुक्रवार, चार ते पाच. सेटिंग्ज, नऊ मिनिटं. त्याआधी कोरं.”

“मी सहाला गेले होते.”

“म्हणून तर तुला दाखवतोय.”

तेवढ्यात गुरोचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून होता. योरुनने डोळे उघडले होते, पण बोलत नव्हती. गुरो उठून दाराकडे धावली, आणि दारातच वळली. “हा तुमच्याकडेच ठेवा. कोण ते शोधा.”

“शुक्रवारी चार ते पाच घरी कोण येतं?”

“परिचारिका, बेन्टे. आणि मग हाल्वोर, शेजारचा. पण हाल्वोर तर... तो रोजचे मासे आणतो, टपाल आणतो, बर्फ काढतो. काल रात्री बंदरावर उतरल्याबरोबर हॉस्पिटलात आला. म्हणाला, तिचे कपडे दे, धुऊन आणतो. मी म्हटलं, उद्या ने.”

ती गेली.

ओद्वारने बेन्टेला फोन लावला. ती गाडीत होती, एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्याकडे जात होती.

“शुक्रवारी योरुनकडे किती वाजता होता तुम्ही?”

“पोलिसांना सांगितलंय सगळं. चार ते चार पंचवीस.”

“तुमचं आणि तिच्या कॅमेऱ्याचं पटत नव्हतं म्हणे.”

“कुणाचं पटेल? मी रक्तदाब घेतेय आणि ही फोन माझ्या तोंडासमोर धरतेय! मी वरिष्ठांकडे लिहून दिलं होतं, लपवत नाही. शुक्रवारी तर कहर. दह्याच्या डब्यावरची तारीख मी वाचून सांगितली, तरी हिने माझ्यादेखत कुणा परक्याला फोनवरून विचारली. मी काय खोटं सांगणार होते, दह्यासाठी?”

“ते किती वाजता?”

“निघायच्या आधी. चार-वीसच्या आसपास.”

ओद्वारने योरुनच्या फोनमध्ये स्वयंसेवकांची यादी बघितली. शुक्रवार, चार एकोणीस, दोन मिनिटं. कॅमेरा तोवर जिवंत होता.

“तुम्ही असताना टपाल आलं होतं?”

“नाही. ते हाल्वोर वर आणतो. आणि साडेचारच्या पुढचं विचारत असाल, तर चार छत्तीसला मी पलीकडच्या गल्लीत एका आजोबांचं दार उघडलं. आमची कुलपं फोननेच उघडतात, वेळ आपोआप नोंदली जाते. आणखी काही?”

“दही चांगलं होतं का?”

“खराब निघालं असतं तर बरं झालं असतं,” बेन्टे म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. “ती वाचेल ना हो?”

चार एकवीसला दह्याचा फोन संपला, चार पंचवीसला बेन्टे दाराबाहेर, चार छत्तीसला दुसऱ्या दारात. कॅमेरा चालू होता तेव्हापासून ती निघेपर्यंत चारच मिनिटं. त्यात सेटिंग्जमधली नऊ मिनिटं कशी बसणार? ओद्वारने गाडीची किल्ली उचलली.

हाल्वोरचं घर योरुनच्या घराला लागूनच, मध्ये फक्त एक लाकडी कुंपण. सहासष्ट वर्षांचा, दारात मावणार नाही असा धिप्पाड माणूस. कोट घालूनच तो ओट्याशी उभा राहून कॉफी पीत होता.

“निघालास?”

“हॉस्पिटलात. गुरोला जरा मोकळं करतो, कपडे घेऊन येतो.” त्याने कप ठेवला. “डोळे उघडले म्हणे. बोलते का?”

“अजून नाही.”

हाल्वोरने मान हलवली. चेहऱ्यावर सुटका दिसली की दुःख, ओद्वारला ठरवता आलं नाही. दोघं एकमेकांना चाळीस वर्षं ओळखत होते.

“शुक्रवारी तू गेला होतास तिच्याकडे.”

“नेहमीसारखा. साडेचारला. मासे दिले, टपाल दिलं.”

“टपालात काय?”

“जाहिराती. आणि पेदेरचं एक पत्र. पूर्वी माझ्या बोटीवर होता तो, आता शेवटच्या आजारातल्यांच्या घरात आहे ना, खाडीपलीकडे.”

“ते तूच वाचून दाखवलंस?”

“दुसरं कोण दाखवणार? अर्धं पान. थंडी फार आहे, जेवण बेचव आहे, सगळ्यांची आठवण येते. मरणारा माणूस आणखी काय लिहिणार?”

“तिच्या फोनचं काही म्हणाली?”

“फोनचं? मला त्यातलं काय कळतं, बाबा. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की ठेवायचं.”

खिडकीत गुलाबी कव्हरचा एक टॅब्लेट टेकवून ठेवला होता. त्यावर चिकटवलेला कागद: ‘खेळ अर्धा तास.’

“नात येते वाटतं अजून?”

“दर बुधवारी. बेफाम आहे पोरगी!” हाल्वोर पहिल्यांदाच हसला. “मी न्हाणीतून टॉवेल लावून बाहेर येतोय, असा फोटो काढून अख्ख्या वर्गाला पाठवला. सून म्हणाली, बाबा, आवरा हिला. मग केला तिचा कॅमेरा बंद...”

हसू ओठांवरच थांबलं. त्याने कप उचलला, तो रिकामा होता हे पाहून पुन्हा ठेवला.

“उशीर होतोय मला,” तो म्हणाला आणि ओद्वारच्या अंगावरून बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ओद्वार अंगणात उभा राहिला. कुणी, हे त्याला कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. चार कागदांचं पत्र अर्धं पान करून सांगायचं आणि मग जिला ऐकवलं तिचे डोळे बंद करायचे. पेदेरच्या पत्रात असं काय होतं?

त्याने खाडीपलीकडच्या त्या घरी फोन लावला. तिथल्या सिस्टरने उचलला.

“पेदेरशी बोलता येईल?”

“आता कठीण आहे. शब्द जवळजवळ गेलेत. फक्त सकाळी एक प्रश्न विचारतात, रोज तोच. योरुनचा फोन आला का? तुम्ही योरुनकडचे का?”

“हो. त्यांनी तिला पत्र लिहिलं होतं.”

“मीच टाकलं पेटीत. चार पानं लिहायला त्यांना नऊ दिवस लागले. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही सांगा. तर नाही. म्हणाले, हे माझ्याच हाताने जायला हवं.”

“किती वेळ आहे त्यांच्याकडे?”

“आजचा दिवस. उद्याचा सांगता येत नाही.”

ओद्वारने फोन ठेवला. पत्र योरुनच्या घरी सापडलं असतं, तर गुरो बोलली असती. पोलिसांनी घर बघितलं होतं. योरुन तिच्या जिवाभावाच्या गोष्टी कुठे ठेवायची? लोकरीच्या जाकिटाच्या आतल्या खिशात. चाव्या, बुडून गेलेल्या मुलाचा फोटो, सगळं तिथेच. ती पडली तेव्हा तेच जाकीट तिच्या अंगात असणार.

तिचे कपडे दे, धुऊन आणतो.

त्याने गुरोला तीन वेळा फोन केला. ती वॉर्डात होती, फोन गप्प होता. तो गाडीत बसला. बेटाला किनाऱ्याशी जोडणारा बोगदा समुद्राखालून जातो. त्या पिवळ्या दिव्यांखाली त्याने इतक्या वेगाने गाडी कधीच हाकली नव्हती. पुढे एक मासळीचा ट्रक होता आणि ओलांडता येत नव्हता. ओद्वार स्टिअरिंगवर मूठ आपटत राहिला.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोर हाल्वोर. हातात प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, आत राखाडी जाकीट.

“पिशवी दे, हाल्वोर.”

“काय नाटक आहे हे?”

“दे म्हणतो.”

गुरो खोलीच्या दारातून बाहेर आली. “काय झालं?”

“तुझ्या आईच्या जाकिटाचा आतला खिसा बघ.”

हाल्वोरने पिशवी छातीशी धरली. एवढा मोठा माणूस, पण गुरो हात पुढे करून उभी राहिली तशी त्याची बोटं सैल झाली. खिशातून पाकीट निघालं, घडी घालून चेपलेलं. आत चार कागद.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. बारीक, खरखरीत, पण स्पष्ट.

“बाहेर काय कुजबुजताय? माझे डोळे गेलेत, कान नाही. आत या सगळे.”

योरुन उशीला टेकून होती. छातीवर तारा, हातात सुई. गुरोने धावत जाऊन तिचा हात धरला. हाल्वोर भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“बोल, ओद्वार,” ती म्हणाली. “तुझा श्वास मला ओळखू येतो.”

“योरुन, शुक्रवारी तुझा फोन हाल्वोरच्या हातात होता का?”

“हो. मी म्हटलं, पेदेरचं पत्र रात्री पुन्हा ऐकीन, कुणा दुसऱ्याच्या आवाजात. हस्ताक्षरातली पत्रं मी नेहमी दोनदा ऐकते. तर हा म्हणाला, तुझा फोन जुना झालाय, दे, जरा नीट करतो. मी उघडून दिला, आणि हा त्याचं बोलणं बंद करून बसला.”

ओद्वार हाल्वोरकडे वळला. “तू पत्र मोठ्याने वाचायला घेतलंस. दोन ओळींनंतर तुला कळलं आत काय आहे, आणि पुढचं तू मनाने रचलंस. दोन मिनिटांत संपवलंस. तिने चारही कागद मोजून खिशात टाकले, तुला परत दिले नाहीत. ती रात्री ते कुणा परक्याकडून वाचून घेणार होती. म्हणून तू तिचा कॅमेरा बंद केलास, नातीचा केलास तसाच. मला म्हणालास हिरवं-लालच कळतं, आणि पाच मिनिटांत स्वतःच सांगितलंस की पोरीचा कॅमेरा तू बंद केलास. बेन्टे असताना चार एकोणीसला कॅमेरा चालू होता. चार छत्तीसला ती दुसऱ्या दारात होती. गुरो सहाला आली. फोनमध्ये नऊ मिनिटांची नोंद पाचच्या आतली आहे. त्या वेळात घरात फक्त तू होतास. आणि मला म्हणालास, अर्धं पान.”

हाल्वोरची नजर गुरोच्या हातातल्या पाकिटावर होती.

“तुला थोडेच दिवस हवे होते. पेदेर गेला, की विचारायला कुणी उरणार नव्हतं. मग एखाद्या दिवशी जाकीट धुवायला न्यायचं आणि पत्र हरवायचं. पण सहा वाजता गोळ्या आल्या. दोन सारखे डबे. योरुनला वाचता येईना. शनिवारी तिने मला फोन केला, मी...” तो अडखळला. “मी उचलला नाही. तिने अंदाजाने रबर लावलं, चुकीच्या डब्याला. पोटाची समजून हृदयाची गोळी दिवसातून तीनदा घेतली. गुरो, तुझ्या भांडणाचा याच्याशी काही संबंध नाही.”

गुरोने कपाळ आईच्या हातावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते.

“गोळ्यांचं मला माहीत नव्हतं,” हाल्वोर म्हणाला. “देवाशपथ, ओद्वार. मी बोटीवर होतो.”

“पत्रात काय आहे?” योरुनने विचारलं.

गुरोच्या हातात पाकीट चुरचुरलं.

“गुरो, वाच.”

गुरोने कागद उलगडले. अक्षर वाकडंतिकडं, कुठे कुठे पेन कागदाच्या आरपार गेलेलं.

“‘योरुन, बोट खडकावर चढली तेव्हा सुकाणूवर सिंद्रे नव्हता,’” गुरो वाचू लागली आणि थांबली. सिंद्रे तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी बुडाला. सुकाणूवर झोप लागली आणि बोट घालवली, असं चौकशीत ठरलं होतं. वाचलेल्या दोघांनी तसं सांगितलं होतं. एक पेदेर, आणि दुसरा बोटीचा मालक हाल्वोर.

“पुढे.”

“‘तो खाली झोपला होता. त्याची पाळी संपली होती. सुकाणूवर हाल्वोर होता. मी डेकवर होतो, मी पाहिलं. हाल्वोर म्हणाला, पोरगा तर गेलाच, त्याला आता काय फरक पडतो. मी मान डोलावली. तेव्हापासून मी तुझ्या रस्त्यावरून कधी चाललो नाही.’”

ती चारही पानं वाचत गेली. शेवटच्या पानावर आवाज नुसता हवा झाला होता.

“एकतीस तास झोपलो नव्हतो,” हाल्वोर भिंतीपाशी म्हणाला. “तीन पोरं होती माझी. बोट गेली असती, परवाना गेला असता. मला वाटलं, मी तुझं सगळं करीन. मासे, लाकडं, बर्फ... आयुष्यभर करीन.”

योरुनच्या छातीवरचं यंत्र टिकटिकत होतं.

“मी दर रविवारी त्याच्या थडग्यावर जात होते,” ती म्हणाली. “आणि दर रविवारी त्याला रागावत होते. डोळा लागलाच कसा तुझा, म्हणून. अकरा वर्षं, हाल्वोर. तू मला धरून न्यायचास तिथवर. शेजारी उभा राहून ऐकायचास.”

हाल्वोर खाली बसला. भिंतीला घासत, तिथेच जमिनीवर.

“पोलिसबाईंना बोलावते मी,” गुरो म्हणाली.

“बोलाव. मी सांगतो त्यांना,” हाल्वोर म्हणाला. “दोन्ही सांगतो.”

“पेदेर आहे का अजून?” योरुनने मध्येच विचारलं.

“आहे,” ओद्वार म्हणाला. “पण वेळ थोडा आहे. बोलता येत नाही त्याला. रोज विचारतो, तुझा फोन आला का.”

“मग लाव. कॅमेऱ्याचा लाव.”

“योरुन, साधाच लावू. ऐकू येतं त्याला. तुला तर तो दिसणार...”

“मला नाही दिसणार. पण त्याला मी दिसायला हवी. नाहीतर मी रागावलेय की नाही, हे त्याला कसं कळणार?”

ओद्वारने खिशातून योरुनचा फोन काढला. कुलूप तसंच होतं. चार रिकामी घरं. त्याने फोन हाल्वोरच्या हातात दिला.

हाल्वोरने बोट टेकवलं आणि फोन ज्याला त्याला ऐकू जाईल असा तडतडला. शून्य. तीन. शून्य. तीन.

योरुनला तो वेग समजत होता. तिने श्वास आत ओढला. तीन मार्च. सिंद्रे गेला तो दिवस.

“हाच नंबर सुचला तुला?”

“दुसरी कुठली तारीख माझ्या डोक्यात राहतच नाही,” हाल्वोर म्हणाला.

कुलूप निघालं. कॅमेऱ्याचं चिन्ह आपल्या जागी परत आलं. ओद्वारने खाडीपलीकडचा नंबर लावला. सिस्टरचा चेहरा दिसला, मग छत, मग उशीवरचं एक वाळलेलं तोंड, गालफडं आत गेलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

योरुनने फोन फार खाली धरला होता. पलीकडे नुसती तिची हनुवटी जात असणार. ओद्वारने तिचं मनगट धरून हलकेच वर उचललं.

“पेदेर,” ती म्हणाली, “मी योरुन. पत्र मिळालं. गुरोने वाचलं.”

पलीकडून शब्द आला नाही. घशातला खरखरता श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि ओद्वारला दिसलं की ते अर्धवट मिटलेले डोळे आता सताड उघडे होते.

“ते बघतायत तुमच्याकडे,” सिस्टर म्हणाली.

“बघू दे,” योरुन म्हणाली आणि आपला चेहरा तिने त्या आवाजाच्या दिशेने स्थिर धरून ठेवला.